ओडी खातं गप्प असतं: नोकरी गेल्यावर बँकेचं देणं आणि घरची बिलं कशी सांभाळायची

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. मग एका जून महिन्यात आमची अख्खी पाळीच बंद झाली. त्या दिवशी माझ्या पगाराच्या खात्यावर दोन लाखांची ओव्हरड्राफ्टची, म्हणजे ओडीची मर्यादा होती (खात्यात पैसे नसले तरी तेवढे काढता येतात, ते बँकेचं कर्जच) आणि त्यातले १ लाख ८० हजार वापरून झाले होते. घराचं छप्पर, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, दोन चवथी (गणेशचतुर्थीचे सण) असं थोडं थोडं साचत गेलेलं. पुढे काय केलं, कुठे चुकलो आणि कोणते नियम आधी ठाऊक असते तर बरं झालं असतं, ते सगळं इथे क्रमाने मांडतो आहे. आमच्या फोंडा, डिचोली, सत्तरी भागात ही वेळ नवी नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा कितीतरी घरांनी हे भोगलं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. गृहकर्जाचा हप्ता चुकला की पहिल्याच महिन्यात फोन येतो. ओडीला हप्ताच नसतो. महिनाअखेरीस व्याज आपोआप त्याच खात्यात नावे पडतं, मोबाईलवर एक मेसेज येतो आणि बस्स. कुणी काही विचारत नाही म्हणून आपल्याला वाटतं, मर्यादेत जागा आहे तोवर काळजी नाही. इथेच घात होतो.

माझाच हिशेब घ्या. १ लाख ८० हजारांवर दरसाल १४ टक्के म्हणजे रोजचे ६९ रुपये, महिन्याचे साधारण २,०७०. मर्यादेत २० हजार शिल्लक होते. काहीच भरलं नसतं तर व्याजावर व्याज चढत नऊ महिन्यांत मर्यादा भरली असती. म्हणजे नऊ महिने हाताशी आहेत असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात होते तीनच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ओडी खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळात लागलेल्या व्याजापेक्षा कमी असली, तर मर्यादेत जागा असूनही खातं बिघडलेलं धरतात आणि ते थकीत कर्जात, म्हणजे एनपीएत जातं. मर्यादेच्या वर जाऊन ९० दिवस राहिलात तरी तेच.

म्हणून बेकारीच्या काळात ओडीचं एकच काम: मुद्दल राहू द्या, पण दर महिन्याचं व्याज त्या खात्यात भरत राहा. माझ्या बाबतीत ते २,१०० रुपये होते. ते जमवणं सोपं नव्हतं, पण जमण्यासारखं होतं. १ लाख ८० हजार जमण्यासारखे नव्हते.

पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

वही काढा. मोबाईलवर नको, कागदावर, आणि घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन. मी पहिले दहा दिवस घरात आकडा सांगितलाच नाही. अकराव्या दिवशी रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्या हिने स्वयंपाकघरातली दुधाच्या हिशेबाची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मागच्या पानापासून लिहा, सगळं." त्या पानावर डावीकडे घेणं, उजवीकडे देणं असं दोघांनी मिळून लिहिलं. सोसायटीचे शेअर, भिशी, भावाला दिलेले पाच हजार, काही सोडलं नाही. त्या रात्रीनंतर मला झोप लागायला लागली.

दुसरं काम बँकेतलं. ओडीचं मंजुरीपत्र शोधा आणि त्यात तीन गोष्टी बघा: व्याजदर, नूतनीकरणाची तारीख आणि तारण. पगारावरची ओडी बहुधा 'मागणी करताच परतफेड' या अटीवर असते, म्हणजे पगार येणं थांबलं की बँक मर्यादा कमी करू शकते किंवा गोठवू शकते. नूतनीकरणाच्या तारखेकडे फार लोक बघत नाहीत. ती उलटून १८० दिवसांत मर्यादा नवी झाली नाही, तर व्याज वेळेवर भरत असूनही खातं एनपीए होऊ शकतं.

ओडी मुदतठेवीवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त एवढाच खरा भार असतो. नोकरी लवकर मिळण्याची चिन्हं नसतील तर ठेव मोडून ओडी मिटवावी आणि उरलेले पैसे घरखर्चाला ठेवावेत, असं माझं मत आहे. पण तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी राहत नसेल तर मोडू नका. एकदा बंद केलेली मर्यादा बेकार माणसाला बँक पुन्हा देत नाही.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी ते उशिरा केलं. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडा आणि कारखान्याचा शेवटचा हिशेब, पीएफ, जे काही येणार असेल ते त्या खात्यावर मागवा. ओडी खात्यात आलेला प्रत्येक रुपया आधी कर्जात जिरतो. मर्यादा चालू असेल तर तो पुन्हा काढता येतो, गोठवली असेल तर गेला. शिवाय त्याच बँकेतल्या आपल्या दुसऱ्या ठेवी कर्जापोटी वळत्या करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. माझा शेवटचा पगार आणि रजेचे पैसे मिळून ४१ हजार ओडी खात्यात पडले आणि त्याच आठवड्यात मर्यादा गोठली. घरात तांदूळ भरायला भावाकडून पैसे घ्यावे लागले. बँकेला फसवण्यासाठी हे करा असं मी म्हणत नाही. घर चालवण्याचे पैसे आणि कर्जाचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणी असले की ठरवून भरता येतं, एवढंच.

चौथं, ओडी खात्याला जोडलेले आपोआप कापले जाणारे हप्ते थांबवा: एसआयपी, मोबाईलवरची सदस्यत्वं, यूपीआय ऑटोपे. खात्यात पैसे नसल्याने असा हप्ता, म्हणजे मॅन्डेट, परत गेला की दर वेळी बँकेचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन मात्र चालू ठेवा: ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना. मेअखेरीस ते पैसे ज्या खात्यातून जातात तिथे तेवढी रक्कम असू द्या. घरातला कमावता माणूस अडचणीत असताना दोन-दोन लाखांचं हे संरक्षण ४५६ रुपयांत दुसरीकडे मिळत नाही.

बँकेला पत्र

तोंडी सांगून उपयोग नाही. मी शाखेत जाऊन अर्धा तास बोललो, साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. नंतर काउंटरवरच्या एका मॅडमनी हळूच सांगितलं, "भाऊ, लिहून द्या आणि इनवर्डचा शिक्का घ्या. कागद असला की आम्हालाही वर पाठवता येतं." पत्र मराठीत चालतं. मी दिलेलं पत्र असं होतं:

"माझी नोकरी अमुक तारखेला संपली असून सोबत कार्यमुक्तीचं पत्र जोडलं आहे. माझ्या ओडी खात्यावर आज रुपये इतके येणे आहे. ते फेडण्याची माझी पूर्ण इच्छा आहे. सध्या दरमहा व्याजाइतकी रक्कम मी भरत राहीन. कृपया सहा महिने मर्यादा आहे तशी ठेवावी, आणि त्यानंतर थकबाकीचं मुदतकर्जात रूपांतर करून ३६ महिन्यांचे हप्ते बांधून द्यावेत. आपला निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. मुदतकर्जात रूपांतर होणं चांगलं, कारण मग देणं दर महिन्याला कमी होताना दिसतं. ओडीत ते वर्षानुवर्षं तिथेच बसतं.

दंडाच्या बाबतीत एक नियम लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकाने दंडव्याज बंद केलं आहे. बँक दंडाचा आकार लावू शकते, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर व्याजही लावता येत नाही. खातेउतारा मागवून एकदा ओळ न ओळ तपासा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र लोकपालाकडे नाही, सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे जावं लागतं.

कुणाला आधी, कुणाला नंतर

जो जास्त ओरडतो त्याला आपण आधी पैसे देतो. हे उलटं आहे. काय तुटलं तर घर थांबेल, यावर क्रम लावा. आमच्या वहीतला क्रम असा होता: धान्य आणि गॅस, आईची औषधं, वीज-पाणी, मुलांची शाळा, ओडीचं व्याज, मग बाकीचं. भाड्याचं घर असेल तर भाडं धान्याच्या जोडीला घ्या. क्रेडिट कार्डावर बाकी असेल तर ते ओडीच्या आधी, कारण कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर ते कधीच संपत नाही. कार्ड वापरणं पूर्ण थांबवा.

विजेचं बिल थकलं म्हणून लाइनमन आला आणि मीटर काढून गेला, असं करता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे जोडणी तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस म्हणजे तुमची मुदत. तेवढ्यात वीज खात्याच्या आपल्या उपविभागातल्या साहाय्यक अभियंत्याला अर्ज द्या आणि हप्ते मागा. अर्जासोबत थोडी तरी रक्कम भरा, मग बोलणं सोपं जातं. बिलच चुकीचं वाटत असेल तर त्याच कलमात सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. आमचं एक बिल रीडिंग न घेता अंदाजाने आलं होतं, तिथे मला हे उपयोगी पडलं. वीज-पाण्याच्या जुन्या थकबाकीसाठी सरकार अधूनमधून एकरकमी योजना काढतं. कार्यालयात गेलात की चौकशी करा.

एलआयसीचा हप्ता महिन्याचा असेल तर १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक असेल तर ३० दिवस सवलतीचे मिळतात. जुनी पॉलिसी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढणं बरं.

बाजाराविषयी फार सांगण्याची गरज नाही, घरातल्या बायका ते आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. जून-जुलैत मासेमारीबंदीचे ६१ दिवस मासळी महाग असते. आम्ही ते दोन महिने सुकी मासळी आणि अळसांद्यांवर (चवळीसारखं कडधान्य) काढले. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून आणली, तिथे अनुदानाचा दर असतो.

पण चवथ सोडून चालणार नव्हतं. गोव्यातल्या घरात बेकारीची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते. कर्ज काढून गणपती आणण्याची सवय आम्हाला होतीच, ओडीतले निदान ३० हजार दोन चवथींचे होते. त्या वर्षी मूळ घरी सगळ्या भावांसमोर मी उघडपणे सांगितलं की माझा वाटा या खेपेला कमी असेल. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान मी आणि पुतण्याने डोंगरावरून आणि कुळागरातून जमवलं. दारू आणली नाही, दिव्यांच्या माळा गेल्या वर्षीच्याच लावल्या. आरतीला घुमट वाजलं तसंच वाजलं. मोठ्या दादाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू आधी सांगितलंस ते बरं केलंस."

आपले पैसे कुठे अडकले आहेत

नोकरी जाते तेव्हा बरंच येणं बाकी असतं. अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी घ्या: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८ हजारांवर ती १ लाख १४ हजारांच्या वर जाते. पाच वर्षं पूर्ण केलेल्याला ती मिळालीच पाहिजे, आणि ३० दिवसांत. कंपनी टाळाटाळ करत असेल तर पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे, तिथे अर्ज द्या.

पीएफचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे. २०१८ पासून एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि उरलेली १२ महिन्यांनंतर, असा निर्णय घेतला. काढता येते म्हणून सगळी काढू नका. पीएफ खात्यात असेपर्यंत त्यावर कोणत्याही बँकेला किंवा सावकाराला जप्ती आणता येत नाही. बँक खात्यात आली की ते संरक्षण संपलं. ओडी एका फटक्यात मिटवण्याचा मोह मलाही झाला होता. तो आवरून सहा महिन्यांचं व्याज आणि किराणा एवढेच काढले. पाच वर्षांची सेवा झालेली नसेल आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर कर कापला जातो. जुन्या कंपनीचा पीएफ जोडून घेतला की ती वर्षंही मोजतात.

पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी आपल्या ईएसआय शाखेत करा. सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली, पण आमच्या पाळीतल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं.

मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा नवा दाखला काढून ठेवा. पुढे बहुतेक दारं त्यावर उघडतात. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या विवाहित स्त्रीला राज्याच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, मात्र गोव्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. घरातल्या साठीपुढच्या माणसासाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. रेशनकार्ड प्राधान्य गटात बसत असेल तर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नवं करून घ्या: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच महिन्यात द्या. आम्हाला लाज वाटून तीन महिने वाया गेले.

रोजगार विनिमय केंद्रात नाव नसेल तर ते नोंदवा. राज्य सरकारच्या नोकरीला त्या कार्डाचा क्रमांक विचारतात.

काय करू नये

मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ऍपला हात लावू नका. परवाना नसलेल्या सावकाराकडेही जाऊ नका. सोनं बँकेत ठेवून १४ टक्क्यांची ओडी मिटवणं हिशेबाने बरोबर दिसतं, पण सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षाची असते. वर्षाने पैसे कुठून येणार हे दिसत नसेल तर दागिना लिलावात जाईल. घर किंवा जमीन गहाण टाकायची वेळ आली तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांची संमती लागते. ती सही करण्याआधी बायकोने कागद वाचायला मागावेत आणि नवऱ्याने ते द्यावेत.

वसुलीवाला आला तर

घाबरू नका. कर्ज थकलं म्हणून तुरुंग होत नाही. चेक किंवा बँकेचा मॅन्डेट परत जाणं मात्र वेगळं, त्यावर फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून पुढच्या तारखेचे चेक कुणालाही देऊ नका. वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची मनाई आहे. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना फोन करून अब्रू काढणंही चालत नाही. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, नाव-वेळ वहीत लिहा, रोख रक्कम हातात देऊ नका.

प्रकरण तिथपर्यंत गेलंच तर लोकअदालत हा चांगला रस्ता आहे. फी नाही, आणि झालेला निवाडा अंतिम असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तडजोडीत बँक रक्कम कमी करायला तयार झाली तर एक गोष्ट समजून सही करा: सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात, ते कर्ज 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसेल आणि पुढचं कर्ज अवघड जाईल. पूर्ण फेडणं शक्य असेल तर थोडं लांबलं तरी तेच करा. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून नोंद तपासा.

नवी नोकरी लागल्यावर

मला आठ महिन्यांनी काम मिळालं, पगार आधीपेक्षा सहा हजारांनी कमी. तरी पहिला पगार नव्या बचत खात्यावरच घेतला आणि मुदतकर्जाचा हप्ता तिथून बांधून दिला. ओडीची मर्यादा पुन्हा चालू करून देतो असं बँकेने सुचवलं, मी नको म्हणून लिहून दिलं. शेवटचा हप्ता भरलात की शाखेतून देणं बाकी नसल्याचं पत्र मागा, खातं बंद झाल्याची नोंद उताऱ्यावर बघा आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिल पुन्हा तपासा. आमचं ते पत्र दुधाच्या वहीतच आहे, जिथून हिशेब सुरू केला त्या मागच्या पानाला टाचलेलं.